इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशातील तीन दिवस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेला मनुष्य भाषणास उभा राहिला की श्रोत्यांच्या पोटात गोळा येतो, हे आम्ही जाणून आहोत. लंडनचा पूल, राजवाडा आणि मेणाचे पुतळे यांची वर्णने आपण याच व्यासपीठावरून पूर्वी ऐकलेली आहेत. तेव्हा लंडनला वळसा घालून आम्ही आपणांस थेट वायव्य इंग्लंडात नेतो. सन २०२२ च्या सप्टेंबरात कन्येच्या घरी मुक्काम असता जावईबापूंनी आम्हां उभयतांची नावे तीन दिवसांच्या एका सहलीत घातली. सोळा माणसांची लहानशी बस, आणि ती हाकणारी व वाटेतली माहिती सांगणारी बाई एकच. बाई मेंढपाळाच्या घरात वाढलेली. पुस्तकातले तिला ठाऊक होतेच. पण पुस्तकात नसलेलेही पुष्कळ ठाऊक होते.

केंडल गावाहून बस सुटताच बाईंनी पहिला धडा दिला. या प्रदेशास सरोवरांचा प्रदेश म्हणतात खरे. परंतु ज्याच्या नावातच ‘लेक’ हा शब्द आहे असे मोठे सरोवर एकच, बॅसनथ्वेट. बाकीची कोणी ‘मिअर’, कोणी ‘वॉटर’, आणि डोंगराच्या कुशीतली लहान तळी ती ‘टार्न’. दरीला ‘डेल’ आणि ओढ्याला ‘बेक’. सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून समुद्रमार्गे येऊन येथे वस्ती केलेल्या लोकांचे हे शब्द. ते लोक इंग्रजांत केव्हाच मिसळून गेले, पण डोंगरपाण्याची नावे मात्र त्यांचीच राहिली.

विंडरमिअर हे इंग्लंडातील सर्वांत लांब नैसर्गिक सरोवर. लांबी सुमारे साडेदहा मैल. पाणी स्थिर, काठावर गर्द झाडी, पलीकडे निळसर डोंगरांच्या ओळी. डोंगर म्हणावे तर उंची बेताचीच. या प्रदेशातील, किंबहुना साऱ्या इंग्लंडातील, सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक हे ९७८ मीटरचे. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. पाऊस मात्र बारमाही. तेथील सीथ्वेट नावाच्या वस्तीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो म्हणून इंग्रज कौतुकाने सांगतात. आमच्या महाबळेश्वरी याहून कितीतरी अधिक पाऊस चार महिन्यांतच पडतो, असे आम्ही सांगितले तेव्हा बसमधील मंडळी आमच्याकडे सहानुभूतीने पाहू लागली.

सरोवर ओलांडून पलीकडे गेले की हिल टॉप नावाचे शेतघर लागते. सशांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटर यांनी ते १९०५ मध्ये विकत घेतले. आपल्या नातवंडांना या बाईंची चित्रे ठाऊक असतात. पण पुस्तकांच्या उत्पन्नातून त्यांनी एकामागून एक शेते घेतली, हर्डविक जातीची मेंढरे पाळली, आणि १९४३ मध्ये देह ठेवला तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली, हे आम्हांस तेथे गेल्यावर कळले. रमणीय स्थळे विकली जाऊ नयेत व मोडली जाऊ नयेत म्हणून १८९५ मध्ये तिघांनी ही संस्था काढली. त्यांपैकी कॅनन रॉन्सली हे याच प्रदेशातले धर्मोपदेशक.

हर्डविक मेंढरांविषयी बाई बोलू लागल्या तेव्हा त्यांचा आवाजच बदलला. कोकरू काळेभोर जन्मते आणि वर्षागणिक करडे होत जाते. वरच्या डोंगरांवर बहुतेक ठिकाणी कुंपण नाही, तरीही एका शेताची मेंढरे दुसऱ्याच्या रानात फारशी शिरत नाहीत. आपला चरण्याचा टापू कोकरू आईच्या मागे हिंडून शिकते, ते पुढे आपल्या कोकरास शिकवते, आणि असे पिढ्यानुपिढ्या चालते. या ओढीस त्यांच्या भाषेत ‘हेफ्ट’ म्हणतात. चुकून एखादे मेंढरू भरकटलेच, तर त्याच्या कानाच्या कापावरून व लोकरीवरील रंगाच्या खुणेवरून धनी ओळखता यावा म्हणून सर्व शेतांच्या खुणा दाखविणारे पुस्तक १८१७ पासून छापले जात आले आहे. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि इंग्लंडभर लाखो जनावरे मारावी लागली, तेव्हा येथील लोकांस मोठी धास्ती पडली ती याची, की कळप नवा विकत आणता येईल, पण त्याला डोंगर कोण शिकवील?

सायंकाळी ग्रासमिअरला पोहोचलो. येथे वर्डस्वर्थ कवी १७९९ पासून राहिला, आणि सेंट ऑस्वाल्डच्या आवारात त्याची समाधी आहे. शाळेत ज्यांनी त्याची डॅफोडिल फुलांवरची कविता पाठ केली त्यांनी सप्टेंबरात जाऊ नये. त्या दिवसांत तेथे एकही डॅफोडिल नसते. या कवीने प्रवाशांसाठी या प्रदेशाचे मार्गदर्शक पुस्तकही लिहिले, आणि हा मुलूख एक प्रकारे साऱ्या राष्ट्राची ठेव आहे असा विचार त्यात मांडला. मात्र १८४४ मध्ये विंडरमिअरपर्यंत आगगाडी आणण्याची योजना निघाली तेव्हा त्यास तिचा राग आला. गिरणीतल्या अशिक्षित मजुरांना लोंढ्याने आणून काय उपयोग, ही दृष्टी त्यांना कोठून असणार, असा त्याचा रोख होता. कवीविषयी आदर बाळगूनही आम्हांस हे पटत नाही. आमचे वडील गिरणीतच होते. आगगाडी १८४७ मध्ये आली ती आलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्लमिअर लागले. दोन्ही बाजूंस दाट सूचिपर्णी वृक्ष आणि मध्ये लांबट, गंभीर जलाशय. हे पाणी मँचेस्टरचे. ज्या मँचेस्टरच्या कापडाच्या होळ्या आपल्या वाडवडिलांनी पाहिल्या, त्या शहराची तहान भागविण्यासाठी पार्लमेंटने १८७९ मध्ये कायदा केला, मूळचे तळे बांध घालून वाढविण्यात आले, काठची वस्ती पाण्याखाली गेली, आणि १८९४ मध्ये ९६ मैलांच्या कालव्या-नळांतून, कोठेही पंप न लावता केवळ उतारावरून, पाणी मँचेस्टरला पोहोचले. याविरुद्ध लोकांनी संरक्षक मंडळ काढून लढा दिला होता. त्यात ते हरले.

केझिक आणि डरवेंटवॉटर यांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण आम्ही तेथे असेतो धुके होते. अल्सवॉटरवर नौकेतून फेरी झाली. त्याच्याच काठी वर्डस्वर्थ व त्याची बहीण डोरोथी यांनी १५ एप्रिल १८०२ रोजी ती फुले पाहिली. फुलांचे वर्णन प्रथम बहिणीने आपल्या रोजनिशीत लिहिले. कविता दोन वर्षांनी झाली. ही गोष्ट सौभाग्यवतींनी मुद्दाम आपल्यापुढे सांगावयास लावली आहे.

दुपारी बाईंनी विचारले, की ठरल्या वाटेत नाही, पण हॉजवॉटरला जावयाचे का? त्या वर्षी इंग्लंडात उन्हाळा कडक कोरडा गेला होता व जलाशय खाली उतरला होता. रस्ता दरीच्या टोकाशी संपतो. तेथे उभे राहून पाहिले, तो उघड्या पडलेल्या गाळावर दगडी कुंपणांच्या रेषा सरळ पाण्यात उतरत गेलेल्या. हे मार्डेल ग्रीन गाव. मँचेस्टरसाठीच १९१९ मध्ये कायदा झाला आणि १९२९ मध्ये काम सुरू झाले. मंदिर इतके लहान, की ऑगस्ट १९३५ मधील अखेरच्या प्रार्थनेस जमलेले बहुतेक लोक बाहेर उभे राहून ध्वनिक्षेपकावरून ऐकत होते. बाईंचे आजोबा त्यांत होते. त्याआधी तेथील ९७ मृतांचे अवशेष उकरून बहुतेक शॅप या गावी पुन्हा पुरले होते. नंतर घरे पाडली, आणि पाणी चढले.

आम्ही बराच वेळ बोललो नाही. बंधुभगिनींनो, येथे जमलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांस याचे कारण सांगावयास नको. कोयनेचे धरण १९६४ मध्ये पुरे झाले. आमचे गाव त्याच्या शिवसागरात गेले, तेव्हा आम्ही सात-आठ वर्षांचे होतो. आजोबांनी घरचे देव टोपलीत घालून, वर घोंगडी टाकून, डोक्यावरून आणले. नव्या गावठाणात आल्यावर आमच्या म्हशी पहिले काही महिने संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून हंबरत, हे आम्हांस स्पष्ट आठवते. हेफ्ट हा शब्द तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हता. बाईंनी विचारले तेव्हा सौभाग्यवतींनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत हे सर्व सांगितले. बाई एवढेच म्हणाल्या, “म्हणजे तुम्हीही मार्डेलचेच.”

एक भेद मात्र मनास लागून राहिला. मार्डेल हे मूठभर घरांचे गाव. तरी त्याच्या शेतांची नावे, खाणावळीचे नाव, मंदिराची छायाचित्रे, सारे आजही कोणासही पाहावयास मिळते. आपल्या खोऱ्यातील वाड्या कितीतरी अधिक. पण कोणत्या वाडीत कोणाचे घर, पाणवठा कोठे, ग्रामदेवता कोणती व ती आज कोणत्या गावठाणात आहे, याची एकत्र यादी आपल्या मंडळापाशी नाही. हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. पुढील वर्षीच्या अंकात जाहिरातींची चार पाने कमी करून ही यादी छापावी, अशी कार्यकारिणीस आमची नम्र सूचना आहे. माहिती गोळा करण्याचे काम आम्ही पत्करतो.

तिसरा दिवस यॉर्कशायरच्या डेल्समधला. येथे सरोवरे जवळजवळ नाहीत. रुंद हिरव्या दऱ्या, चुनखडीचे पांढरे कडे, आणि शेताशेतांत एकएकटी उभी दगडी कोठारे. रिबलहेडला आगगाडीचा चोवीस कमानींचा पूल माळावर उभा आहे. १८७० ते १८७५ या काळात तो बांधताना मजूर तेथेच तंबू-झोपड्यांत राहिले. अपघाताने व रोगराईने पुष्कळ मेले आणि जवळच्या चॅपल-ले-डेल येथे पुरले गेले. पुढे हा लोहमार्ग बंद करावयाचे ठरत होते; लोकांनी विरोध केला आणि १९८९ मध्ये तो वाचला. हॉझ गावात वेन्सलीडेल चीज होते. तेथील कारखाना १९९२ मध्ये बंद पडला, तेव्हा तेथल्याच जुन्या मंडळींनी तो विकत घेऊन त्याच वर्षी पुन्हा चालू केला. हे चीज तेथे गोड केकबरोबर खातात. आम्ही खाल्ले; पुन्हा खाऊ असे नाही.

परंतु डेल्समध्ये डोळा खिळतो तो दगडी भिंतींवर. कोकणातल्या मंडळींस सांगावयाचे तर हा गडगाच. चुना नाही, माती नाही. दोन बाजूंनी दोन ओळी आत किंचित कलत्या रचावयाच्या, पोटात बारीक दगड भरावयाचे, मधून मधून दोन्ही ओळींस धरून ठेवणारा लांब दगड आडवा घालावयाचा, आणि माथ्यावर जड दगड उभे लावावयाचे. मेंढरांस जाण्यासाठी खाली चौकोनी भोक ठेवतात. रस्त्याकडेस एक गृहस्थ कोसळलेला भाग पुन्हा रचीत होते. बाईंनी त्यांस आमची ओळख करून दिली, आणि आमच्याकडेही असे गडगे असतात हे ऐकताच त्यांनी एक धोंडा आमच्या हाती देऊन बसवा म्हणून खूण केली. आम्ही नीट पाहून, चांगला तोल साधून तो बसविला. त्यांनी मान हलविली, धोंडा उचलला, उलटा फिरवला आणि त्याच जागी पुन्हा ठेवला. मग तो हलेना.