घर आपले, ताबा त्यांचा



उचगावात आम्ही घर घेतले तेव्हाची गोष्ट. खरेदीखत नोंदले, पैसे चुकते झाले. किल्ली आणायला गेलो तो ओसरीवर त्यांचीच वाळवणे! "ताई, मुलीची परीक्षा होऊ द्या," त्या माउली म्हणाल्या. मी भिडेला पडले. महिन्याचे चार महिने झाले, आणि इकडे आमचे भाडे चालूच.

हे म्हणाले, कुलूप तोडतो. मी आडवी आले, वकिलांकडे नेले. १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष कायदा (नाव जड आहे खरे!) कलम ६ मध्ये सांगतो, की राहत्याला जबरीने काढले तर तो सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, मालकी आपली असली तरी. मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विकणाऱ्यावर, मागितल्यावर ताबा देण्याचे बंधन घालते. तेवढे लिहून नोटीस गेली, तारीख लेखी ठरली, आणि त्या दिवशी टेम्पो आला.

चूक आमचीच. सहीच्या दिवशी सकाळी घर आतून पाहावे, माळासुद्धा. काही रक्कम रिकाम्या घराचा ताबा मिळाल्यावर देण्याचे दस्तातच लिहावे. मुदत द्यावी, पण कागदावर. आणि त्या काळाचे भाडे म्हणून रुपयाही घेऊ नये, नाहीतर ते भाडेकरूचा हक्क सांगतील.

ती मुलगी पास झाली. पेढे द्यायला माउली आमच्याच ओसरीवर आल्या होत्या.