वरचा सूर आणि ओठ

गेल्या लग्नसराईंत खोपोलीस एका वरातीमागून चालण्याचा योग आला. बँडमधील ट्रंपेट वाजविणारा तरुण वरच्या पट्टींत गेला कीं सूर फाटे. मग तो वाद्य अधिकच जोरानें ओठांवर दाबी. वरात थांबली तेव्हां पाहिलें, तों त्याचा वरचा ओठ सुजून आला होता. तो म्हणाला, "काका, जितका जोर लावावा तितका सूर निसटतो." त्याला जें सांगितलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम नळीचा स्वभाव पाहूं. आपल्या तुतारीला ना भोकें, ना कळा. तिचे सारे सूर ओठच काढतात. ट्रंपेटला तीन कळा असतात, पण त्या केवळ नळीची लांबी वाढवितात. कळ न दाबतां खालचा षड्ज धरावा आणि ओठ आवळीत जावें. क्रमानें पंचम, वरचा षड्ज, गंधार आणि पुन्हां पंचम निघतो. त्या खालच्या षड्जास ओठांची फट सेकंदाला सुमारें २३३ वेळां उघडते व मिटते. वरच्या पंचमास सुमारें ७०० वेळां.

हा वेग हाताच्या जोरानें येत नाहीं. दाबानें ओठांतील रक्त हटतें, ओठ बधिर होतो, आणि बधिर ओठ नीट कंप पावत नाहीं. खोपोलीकरांना याची उपमा घरींच सांपडेल. येथील टाटांच्या वीजगृहांत १९१५ सालापासून घाटमाथ्यावरील पाणी सुमारें ५०० मीटर उंचीवरून नळांतून उतरतें, आणि शेवटीं तोटींतून बारीक धार होऊन चाकावर आदळतें. चाक फिरवितें ती धार. नळ चाकावर दाबून कोणी चाक फिरवीत नाहीं. पोटांतील श्वास हा घाटमाथा, ओठ ही तोटी.

म्हणून ओठांचे कोपरे घट्ट धरावे, मध्य मोकळा ठेवावा. हंसल्यासारखे ओठ ताणूं नयेत. ताणलेला ओठ पातळ होऊन लवकर थकतो. वर चढतांना जीभ 'आ'वरून 'ई'कडे न्यावी, म्हणजे श्वासाची वाट अरुंद होते. वाद्य हवा निसटणार नाहीं इतकेंच टेकवावें. जितका वेळ वाजवावें तितकाच विसांवा घ्यावा. ओठ जड वाटतांच थांबावें.

हें न पाळल्याचें मोल थोरांनींही दिलें आहे. लुई आर्मस्ट्राँगच्या उंच सुरांनीं जग वेडें केलें. हळदोण्याच्या चिक चॉकलेटला मुंबईचे रसिक 'हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग' म्हणत. परंतु ओठ दुखावल्यामुळें खुद्द आर्मस्ट्राँगला १९३० नंतरच्या दशकांत कांहीं काळ वादन बंद ठेवावें लागलें. ओठांभोवतालचा स्नायू फाटण्याच्या दुखण्यास पुढें त्याचेंच टोपणनांव मिळालें.

त्या तरुणास मीं म्हटलें, "उद्यां वाजवूं नकोस." पण उद्यांही वरात होती, आणि घरची चूल त्याच ओठांवर पेटत होती. यास्तव शेवटचे शब्द आपणांसाठीं. वरात आपल्या घरची असेल, तेव्हां एका गाण्यामागून दुसऱ्याची फर्माईश लगेच करूं नका. मध्यें चार मिनिटें ताशाला वाजूं द्या. तेवढ्या वेळांत त्या ओठांत रक्त परत येतें.