‘कधीतरी’ आणि ‘नेहमीच’
(हीरक महोत्सवाच्या समारोपप्रसंगी एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



व्याकरणाच्या तासाला ‘काळ ओळखा’ हा प्रश्न आपण सर्वांनीच सोडवला आहे. पुढे तर्कशास्त्र शिकवू लागल्यावर मला कळले, की या प्रश्नावर एक स्वतंत्र शास्त्रच उभे आहे. ते म्हणजे कालतर्कशास्त्र. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले तत्त्वज्ञ आर्थर प्रायर यांनी १९५०च्या दशकात त्याचा पाया घातला.

‘पाऊस पडतो आहे’ हे विधान सकाळी खरे, तर दुपारी खोटे असू शकते. म्हणून प्रायर यांनी विधानाआधी लावायची चार चिन्हे योजली. ‘पी’ म्हणजे ‘पूर्वी कधीतरी असे होते’. ‘एच’ म्हणजे ‘आजवर नेहमीच असे होते’. ‘एफ’ म्हणजे ‘पुढे कधीतरी असे होईल’ आणि ‘जी’ म्हणजे ‘यापुढे नेहमीच असे राहील’.

१९७७ मध्ये इस्रायली संगणकशास्त्रज्ञ आमिर प्नुएली यांनी हे तर्कशास्त्र संगणकाच्या आज्ञावली तपासण्यासाठी सुचवले. चौकातला सिग्नल घ्या. ‘एकमेकांना छेदणाऱ्या रस्त्यांना एकाच वेळी हिरवा दिवा कधीही मिळणार नाही’ ही ‘जी’ची अट. ‘थांबलेल्याला कधीतरी हिरवा दिवा मिळेल’ ही ‘एफ’ची. दोन्ही हव्यात. सगळे दिवे लालच ठेवले, तर अपघात टळतील. पण घरी कोणीच पोहोचणार नाही.

‘जी’चे वचन एका दिवसाच्या चुकीने मोडते. ‘एफ’चे वचन मात्र कोणत्याही दिवशी खोटे ठरवता येत नाही, कारण ‘कधीतरी’ अजून यायचेच असते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या या शाळेसाठी ‘कधीतरी काहीतरी करीन’ असे मी तीस वर्षे म्हणत आलो. तर्काच्या दृष्टीने मी खोटा ठरलो नाही. दरम्यान पहिलीच्या दोन तुकड्यांची एक झाली.

या शास्त्रातला एक नियम दिलासा देतो : आज जे आहे, ते ‘पूर्वी होते’ हे यापुढे नेहमीच खरे राहील. आपली साठ वर्षे कोणीही पुसू शकत नाही. परंतु ‘शाळा आहे’ हे उद्याही खरे राहील, याची हमी कोणताही नियम देत नाही. ती दरवर्षी, पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी, आपणच द्यायची असते.

मुख्याध्यापकांना मी माझा शब्द दिला आहे : गणिताचा जादा तास. ‘कधीतरी’ नव्हे, दर शनिवारी, सकाळी साडेआठ वाजता.