उतरणारे वजन आणि पित्ताशयातील खडे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत शल्यचिकित्सा विभागाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



वार्षिक सभेत एखाद्या आजाराविषयी सर्वांना समजेल अशा भाषेत बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. विषयासाठी मला फार शोध घ्यावा लागला नाही. बाह्यरुग्ण विभागात भेटलेल्या दोन भगिनींनीच तो माझ्यापुढे ठेवला.

पहिल्या बाई पंचेचाळीस वर्षांच्या. मुलीचे लग्न ठरल्यावर त्यांनी वजन कमी करण्याचे मनावर घेतले. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री पातळ ताक असा क्रम सुरू झाला. तेल-तूप पूर्ण वर्ज्य. अडीच महिन्यांत सोळा किलो वजन उतरले. जो भेटे तो कौतुक करी. लग्नाच्या पंगतीत त्या कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या आणि त्याच रात्री उजव्या बरगडीखाली असह्य कळ येऊन त्यांना रुग्णालयात आणावे लागले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. वर्षभरापूर्वी दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत हेच पित्ताशय स्वच्छ होते.

दुसऱ्या बाई साठी ओलांडलेल्या. त्यांचेही वजन सहा महिन्यांत नऊ किलोंनी उतरले होते. पण त्यांनी ते मुद्दाम उतरवले नव्हते. जेवले की पोटात दुखते म्हणून त्यांनी जेवणच कमी केले होते. कधी आल्याचा तुकडा, कधी खाण्याचा सोडा, असे घरगुती उपाय चालू होते. वयोमानाने अंग उतरते, अशी घरच्यांनी स्वतःची समजूत घातली. डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा त्यांना आणण्यात आले. खडा पित्ताशयातून निसटून पित्तनलिकेत अडकला होता.

दोघींवर उपचार झाले आणि दोघीही आज बऱ्या आहेत. पण या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. एकीला वजन उतरल्यामुळे खडे झाले. दुसरीचे वजन खड्यांमुळे उतरले. वजनकाट्यावरचा आकडा दोन्हीकडे खालीच आला. म्हणून वजन उतरलेले पाहून आनंद मानण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: ते किती वेगाने उतरले, आणि कशामुळे उतरले? आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करतो. आपण मराठीत 'पित्त झाले' असे म्हणतो, तेव्हा बहुधा जठरातील आम्लाचा त्रास अभिप्रेत असतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी या साऱ्यांना आपण 'पित्त' म्हणतो. वैद्यकात ज्याला पित्तरस म्हणतात, तो मात्र यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, किंचित कडू द्रव आहे. एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी आल्यामुळे पित्ताशयाचे दुखणे कित्येक महिने आम्लपित्ताच्या गोळ्यांवर निभावून नेले जाते. दुसऱ्या बाईंच्या बाबतीत हेच घडले होते.

यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातील काही भाग यकृताखाली असलेल्या पित्ताशय नावाच्या लहान पिशवीत साठतो आणि तेथे त्यातील पाणी शोषले जाऊन तो घट्ट होतो. या पिशवीत तीस ते पन्नास मिलिलिटर एवढाच रस मावतो. जेवणातील स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की तेथून एक संप्रेरक रक्तात मिसळते, त्याच्या आज्ञेने पित्ताशय आकुंचन पावते आणि रस आतड्यात उतरतो. स्निग्ध पदार्थांचे पचन त्यामुळे सुकर होते. या संप्रेरकाचे अस्तित्व १९२८ मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले.

पित्तरसात कोलेस्टेरॉल असते. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन यांच्या आधाराने ते विरघळलेल्या अवस्थेत राहते. साखरेचा पाक प्रमाणाबाहेर घट्ट झाला की तळाशी कण धरू लागतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले आणि रस एका जागी साचून राहिला, की पित्ताशयात तसेच कण धरतात. कणांचे पुढे खडे होतात.

आता वेगाने वजन उतरवताना काय होते ते पाहू. शरीरातील चरबी झपाट्याने वितळू लागते तेव्हा तिच्यातील कोलेस्टेरॉल यकृताकडे येते आणि यकृत ते पित्तरसात टाकते. रस गढूळ होतो. त्याच वेळी आहारातून तेल-तूप हद्दपार झालेले असते, त्यामुळे पित्ताशयाला आकुंचन पावण्याची आज्ञाच मिळत नाही. एकीकडे रस दाट होतो, दुसरीकडे तो हलत नाही. खडे होण्यास लागणाऱ्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात. ज्या तेल-तुपाला आपण सगळ्या दोषांचे मूळ समजतो, ते थोड्या प्रमाणात पित्ताशय रिकामे ठेवण्याचे कामही करत असते.

स्थूलपणा हेही खड्यांचे एक प्रमुख कारण आहे, हे मी आवर्जून सांगतो. माझे बोलणे ऐकून कोणी वजन कमी करण्याचा विचार सोडू नये. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी या साऱ्यांसाठी वजन आटोक्यात आणणे हिताचेच आहे. प्रश्न वेगाचा आहे. आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक वेगाने वजन उतरू लागले की खड्यांचा धोका झपाट्याने वाढतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग सुरक्षित मानला जातो. पहिल्या बाईंचा वेग जवळपास दीड किलो होता.

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर वजन फार वेगाने उतरते, त्यामुळे हा संबंध तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांत, केवळ नाममात्र गोळी घेतलेल्या रुग्णांपैकी ३२ टक्के रुग्णांना खडे झाले. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध रोज ६०० मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण २ टक्के होते. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतर काही महिने हे औषध देण्याची पद्धत पडली. ते कोणी घ्यावे आणि किती काळ, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे.

अलीकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. मधुमेहासाठी विकसित झालेली आणि भूक कमी करणारी इंजेक्शने वजन घटवण्यासाठी वापरली जाऊ लागली. भारतात ती २०२५ पासून या कारणासाठी अधिकृतपणे मिळू लागली. २०२२ मध्ये या गटातील औषधांच्या ७६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पित्ताशय व पित्तनलिकेच्या विकारांचा धोका सुमारे १.३७ पट आढळला; मात्रा जास्त, वापर दीर्घकाळ आणि हेतू वजन घटवण्याचा असेल तेव्हा तो अधिक होता. प्रत्यक्षात ही वाढ दरवर्षी दहा हजार व्यक्तींमागे सुमारे २७ एवढी आहे. म्हणजे घाबरून जावे इतकी ती मोठी नाही. पण शेजाऱ्याला गुण आला म्हणून परस्पर इंजेक्शन सुरू करावे, इतकी ती लहानही नाही.

येथे उपवासांचा प्रश्न हमखास विचारला जातो. एकादशीच्या एका दिवसाच्या उपवासाने खडे होत नाहीत. श्रद्धेने तो करणाऱ्यांनी निश्चिंत असावे. परंतु आठवडेच्या आठवडे केवळ पाण्यावर किंवा फळांच्या रसावर राहणे, दिवसभर निरंकार राहून रात्री एकदाच जेवणे, काही महिन्यांत वजन उतरवून पुन्हा तितकेच वाढू देणे, हे प्रकार पित्ताशयाला मानवत नाहीत.

मग करावे काय? जेवणाच्या वेळा चुकवू नयेत. दिवसातून निदान एका जेवणात दोन चमचे तेल किंवा तूप असू द्यावे. सुमारे दहा ग्रॅम स्निग्धांश पित्ताशय नीट रिकामे होण्यास पुरतो. भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या असा तंतुमय आहार घ्यावा. नियमित चालावे. एका महिन्यात पाच-सहा किलोंचे उद्दिष्ट ठेवू नये. ज्यांना आधीच खडे आहेत, त्यांनी वजन घटवण्याची कोणतीही योजना डॉक्टरांना विचारूनच आखावी. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडण्याचा एक उपाय तोंडोतोंडी पसरलेला आहे. त्यानंतर शौचावाटे पडणाऱ्या हिरव्या गोळ्या म्हणजे खडे नव्हेत. तेल आणि लिंबूरस यांपासून पोटातच तयार झालेला तो साबणासारखा पदार्थ असतो, हे २००५ मध्ये तपासणीअंती प्रसिद्ध झाले आहे.

आता दुसरा प्रश्न: वजन कशामुळे उतरले? पित्ताशयाची कळ बहुधा जेवणानंतर, विशेषतः तळलेले खाल्ल्यावर, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली येते. कधी ती पाठीत अथवा उजव्या खांद्याकडे जाते. काही तासांनी ती थांबते आणि माणूस ती विसरतो. पुन्हा आली की तो भीतीने खाणे कमी करतो. असे अन्न तुटत जाते. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत आपल्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे तीन किलो वजन उतरले, तर तपासणी करून घ्यावी. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइडचे विकार अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. क्वचित पित्ताशयाचा कर्करोगही असतो. गंगेच्या खोऱ्यात त्याचे प्रमाण अधिक आहे, आपल्याकडे तुलनेने कमी. खडे असलेल्यांपैकी फारच थोड्यांना तो होतो. मात्र कावीळ आणि उतरणारे वजन एकत्र दिसले, तर एक दिवसही दवडू नये. कळ पाच-सहा तासांहून अधिक टिकणे, थंडी वाजून ताप येणे, लघवी गर्द पिवळी व शौच पांढरट होणे, सतत उलट्या होणे, यांपैकी काहीही दिसले तरी रुग्णाला तातडीने रुग्णालयात आणावे.

खडे दिसले म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागते, असे नाही. बहुसंख्य खडे मुके असतात. ज्यांना काहीही त्रास नाही, अशांपैकी वर्षाला एक ते दोन टक्के व्यक्तींनाच त्रास सुरू होतो. त्यांना सामान्यतः केवळ लक्ष ठेवण्याचा सल्ला आम्ही देतो. त्रास सुरू झाल्यावर मात्र पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय आहे. नुसते खडे काढले तर तेच पित्ताशय पुन्हा खडे तयार करते. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे केली. दुर्बिणीद्वारे ती करण्याचे तंत्र १९८० च्या दशकात युरोपात आले, आणि अवघ्या काही वर्षांत, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया केली. हे तंत्र सार्वजनिक रुग्णालयातील सामान्य रुग्णांपर्यंत प्रथम पोहोचले, ही गोष्ट धर्मादाय कार्य करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याला रोजच्या मजुरीवर घर चालवायचे आहे, त्याला लवकर कामावर परतता येणे हीच सर्वांत मोठी सवलत असते.

पित्ताशयाविना माणूस व्यवस्थित जगतो. यकृतातील रस थेट आतड्यात उतरत राहतो. काहींना सुरुवातीचे काही आठवडे जुलाबाचा त्रास होतो, तो बहुधा आपोआप थांबतो.

विश्वस्त आणि देणगीदार यांच्यापुढे एक निवेदन करून थांबतो. वेळेवर झालेली सोनोग्राफी ही लहानशी गोष्ट वाटते. परंतु ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, आणि तोच रुग्ण पित्तनलिकेतील जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाचा दाह घेऊन आला तर कित्येक दिवस अतिदक्षता विभागात जातात, घरातील किडुकमिडुक विकले जाते, आणि एवढे करूनही जीव वाचेलच असे सांगता येत नाही. आपल्या देणगीचा मोल या दोन अवस्थांमधील अंतर कमी करण्यात आहे. दुसऱ्या बाईंना मी विचारले होते, "इतके दिवस का थांबलात?" त्या म्हणाल्या, "तपासणीला किती पैसे पडतील याची धास्ती होती, डॉक्टर." ही धास्ती औषधाने जात नाही, ती आपल्या सर्वांच्या हातात आहे.

आणि आप्तेष्टांना एवढेच सांगेन: घरात कोणाचे वजन उतरलेले दिसले, तर 'किती छान बारीक झालात' असे म्हणण्याआधी जवळ बसून विचारा, 'नीट जेवता ना?'