पारखी कोठे जातो?



डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला भारताने इंग्लंडविरुद्धची कसोटी दहा गडी राखून जिंकली. त्या एकाच सामन्यात मराठवाड्याच्या दोघांनी कसोटीत पदार्पण केले: बीडला जन्मलेले संजय बांगर आणि आपल्या शहरात जन्मलेले इक्बाल सिद्दिकी. याचा अभिमान बाळगावाच. पण आम्ही कामगार संघटनेतली माणसे. दोन नग चोख निघाले म्हणून यंत्र ठीक चालले आहे, असे आम्ही मानत नाही.

बांगर रणजीत नावारूपाला आले ते रेल्वेच्या संघातून. म्हणजे खेळाला आधी आधार दिला तो नोकरीने. सिद्दिकींच्या वाट्याला कसोटी आली ती तेवढी एकच.

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ मोठा. तेथे ब्रँच रिकी या गृहस्थांनी १९२० नंतरच्या काळात सेंट लुईसच्या संघासाठी गावोगावचे लहान संघ हाताशी धरले. कोवळी मुले तेथे वाढवायची, तयार झाली की वर आणायची. या पद्धतीला ते लोक शेतीच म्हणतात. पण त्या शेतात काळ्या मुलांना बांधावरही उभे करीत नसत. पुढे ब्रुकलिनच्या संघात असताना रिकींनीच १९४५ साली जॅकी रॉबिन्सनशी करार केला आणि १९४७ साली त्यांना मुख्य संघातून मैदानात उतरवले. तोवर गुण नव्हते काय? होते, पारखी तिकडे फिरकत नव्हते.

आपल्याकडे बंदी कोणाला नाही. पण अंतर आहे. महाराष्ट्र संघाचा कारभार पुण्याचा. वाळूजच्या कंत्राटी कामगाराला मुलाला चाचणीला न्यायचे तर खाडा पडतो, रोज बुडतो, वर गाडीभाडे. आणि तेथे काय? चार षटके, एक खूण, पुढचा या! अहो, कारखान्यात शिकाऊ उमेदवाराचा हातसुद्धा एका दिवसात कळत नाही. मग चेंडू टाकणारा हात कसा कळावा?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पारख्याने जिल्ह्याच्या मैदानावर यावे आणि मुलाला हंगामभर पाहावे. चाचणीचे भाडे मंडळाने द्यावे. नाकारले तर कारण सांगावे, म्हणजे मुलगा पुढल्या वर्षी सुधारून येईल.

जो मुलगा कोणी पाहिलाच नाही, त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. ती वही आपण उघडू या.