वलगणीचे मासे आणि दोन महिन्यांचा संयम

दरवर्षी 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. वादळी दर्यात जीव वाचावा आणि माशांना प्रजननाला उसंत मिळावी, हे त्यामागचे हेतू. नेमक्या याच दिवसांत शहापूर-मुरबाडच्या ओढ्यांत मात्र माशांची लयलूट सुरू होते. पहिल्या जोरदार पावसाने भातसा, काळू या नद्या फुगल्या, की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओहोळांत, थेट भातखाचरांत चढतात. हीच वलगण. हाती लागलेल्या माशाचं पोट गाभोळीने टच्च भरलेलं असतं. म्हणजे त्या एका माशाबरोबर पुढची अख्खी वीण कढईत जाते. समुद्राला लागू पडणारा संयमाचा नियम ओढ्यालाही हवा, तो यासाठीच.

कुणी म्हणेल, वलगण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि कातकरी-ठाकरांच्या ताटात पावसाळ्यात दुसरं काय पडणार? प्रश्न रास्त आहे. पण पाग टाकून घरापुरते मासे धरणं वेगळं आणि ओहोळाचं तोंड आडव्या जाळ्याने बंद करणं किंवा पाण्यात विष कालवणं वेगळं. पहिल्यात बरेच मासे निसटून वर पोहोचतात. दुसऱ्यात पिल्लंसुद्धा उरत नाहीत, आणि पुढच्या वर्षी रिकामी राहते ती याच गरिबाची टोपली. म्हणून सरसकट बंदी नको; पण निम्मा प्रवाह मोकळा आणि पाणी निर्विष, एवढं गावाने ठरवावं. चढणीच्या माशाला वाट दिली, तरच वलगण टिकेल.