स्तनपानासाठी आधार-उशी : निवड व वापर
(जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रसूती कक्षासाठी आधार-उश्या भेट देण्याची इच्छा काही देणगीदारांनी व्यक्त केली आहे. बाळंतिणींचे कुटुंबीयही 'कोणती उशी घ्यावी?' असे विचारतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; वैद्यकीय विषयात माझा अधिकार नाही. तथापि खरेदीपूर्वी डॉक्टर व परिचारिका यांच्याशी झालेल्या चर्चेचे सार आपणांपुढे ठेवणे मी कर्तव्य समजतो.

बाळाला स्तनाच्या उंचीपर्यंत आणणे, एवढेच उशीचे काम. आई वाकून पाजू लागली की तिची मान व पाठ दुखते, बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र येते, त्याला चिरा पडतात आणि वेदनेमुळे घरात वरचे दूध सुरू होते. पहिल्या तासात स्तनपान आणि सहा महिने केवळ आईचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अनेकदा अशा साध्या अडचणीपाशी अडखळते. सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचा भार येऊ नये, तसेच जुळ्यांना एकाच वेळी पाजता यावे, यासाठीही उशी उपयोगी पडते.

बसल्यावर मांडीपासून स्तनापर्यंतचे अंतर प्रत्येकीचे वेगळे असते. म्हणून उशी मांडीवर ठेवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. बाळ रुतेल इतकी ती मऊ नसावी. तिच्यात व आईच्या पोटात फट राहू नये. अभ्रा सुती व काढून धुता येणारा असावा. रुग्णालयात प्रत्येक मातेसाठी धुतलेला अभ्रा हवा. म्हणून एका उशीमागे तीन अभ्रे लागतात : एक वापरात, एक धुलाईत, एक कपाटात. उशीची किंमत एकदाच मोजावी लागते, धुलाईचा खर्च मात्र रोजचा असतो. देणगी देताना याचा विचार व्हावा, ही विनंती.

घरी महागडी उशी घेतलीच पाहिजे असे नाही. घट्ट घडी घातलेली गोधडी, पाठीला लोड आणि पायांखाली पाट एवढ्यावर बहुतेक मातांचे काम भागते.

एक गोष्ट मात्र प्रत्येक आजीने व वडिलांनी ध्यानात ठेवावी. या उशीवर बाळाला कधीही झोपवू नये. मान वाकून किंवा नाक-तोंड दाबले जाऊन बाळ गुदमरू शकते. अशा मृत्यूंमुळेच अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२४ मध्ये या उश्यांसाठी सक्तीचे सुरक्षा-निकष जाहीर केले. पाजून झाल्यावर उशी बाजूला ठेवावी आणि बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. पाजताना आईला डुलकी लागत असेल, तर घरातील कोणीतरी जवळ बसावे.

शिशुआहार व दुधाच्या बाटल्यांविषयीच्या १९९२ च्या कायद्याने, तसेच २००३ च्या दुरुस्तीने, त्या उत्पादकांना आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देण्यास मनाई केली आहे. तो हेतू ध्यानी घेता अशा कंपन्यांच्या नावाच्या उश्या, फुकट मिळाल्या तरी, आपण स्वीकारू नयेत, असे मी सुचवितो.

शेवटी, बाळ स्तनाला नीट लावून देणारी अनुभवी परिचारिका शेजारी नसेल, तर उत्तम उशीही व्यर्थ ठरते. म्हणून देणगीचा काही भाग उश्यांसाठी आणि काही भाग परिचारिकांच्या स्तनपान-प्रशिक्षणासाठी द्यावा, अशी नम्र प्रार्थना करून आपली रजा घेतो.